बुधवारचं टेबल : एका घरदुरुस्ती सल्ला केंद्राचा जमाखर्च

गोव्यातल्या डिचोलीचा बाजार बुधवारी भरतो. आमच्या गावातून बाजाराला जाणारी बस वाचनालयासमोर थांबते आणि बहुतेक वेळा उशिरा येते. त्या उशिरावरच आमचं केंद्र उभं आहे म्हटलं तर फार चूक होणार नाही. सुरुवातीला वाचनालयाच्या दारावर 'घरदुरुस्ती मार्गदर्शन केंद्र, सोमवार ते शनिवार' असा फलक रंगवून लावला होता. दोन-तीन महिन्यांत कळलं की सोमवारी कुणी फिरकत नाही, शुक्रवारीही नाही. बुधवारी मात्र बाजाराची पिशवी घेतलेली माणसं बस येईपर्यंत आत येऊन टेकतात आणि टेकल्या टेकल्या विचारतात, "भिंतीला ओल आलीय, काय करायचं?" फलक उतरवला. नाव लोकांनीच ठेवलं : बुधवारचं टेबल.

मी या वाचनालयाचा खजिनदार. घरबांधणीतलं मला काही कळत नाही, हिशोबातलं थोडं कळतं, म्हणून हे प्रकरण मी वहीच्या बाजूने लिहितोय. टेबलावर सल्ला देणाऱ्या आमच्या इंजिनीअरबाईंनी लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला जास्त उपयोग झाला असता. त्यांना वेळ नाही. तो का नाही, हाच या प्रकरणाचा अर्धा भाग.

परिस्थिती अशी होती : एका न्यासाने तीन वर्षांसाठी पैसे दिले होते. तीन वर्षं संपत आली, टेबलाशी येणारी माणसं संपली नव्हती.

टेबलावर काय येतं

आमच्याकडची जुनी घरं चिऱ्याची किंवा मातीच्या भिंतींची, वर मंगळुरी कौलं. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घर चार महिने भिजणार हे बांधणाऱ्याने गृहीतच धरलं होतं. म्हणून छपराला चांगला उतार, पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून बाहेर काढलेली पाखं, आणि भिंतीला चुन्याचा गिलावा. चुना ओल आत घेतो तशी बाहेरही सोडतो. भिंत भिजते, वाळते, पुढच्या जूनला पुन्हा भिजते, आणि शंभर वर्षं उभी राहते.

मग सिमेंट आलं. ओल दिसली की कमरेइतका सिमेंटचा पट्टा मारायचा, वर ऑइलपेंट. ओल दिसेनाशी होते, म्हणजे भिंतीतच कोंडली जाते आणि पट्ट्याच्या वर डोकं काढते. मग पट्टा आणखी फूटभर वाढवायचा. मी अशी एक खोली पाहिलीय जिथे पट्टा चढत चढत खिडकीच्या वर गेला होता.

दुसरी भानगड आमच्या तालुक्याची खास आहे. लोहखनिजाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा खनिज वाहणाऱ्या ट्रकच्या पैशावर अनेकांनी घराचा पुढचा भाग पाडून स्लॅब घातला. मागचं नंतर करू म्हणाले. २०१२ साली खाणी थांबल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द केली. 'नंतर' आलंच नाही. अशा घरांत पुढे स्लॅब, मागे कौलं, आणि दोघांची गाठ पडते ती जागा दर पावसात गळते. टेबलावर येणाऱ्या तक्रारींत या सांध्याची तक्रार इतकी नेहमीची की बाईंनी त्याचं चित्र काढून भिंतीवर डकवलंय. लोक आत आले की बोट दाखवतात, "हे आमचं."

तिसरी गोष्ट माकडं. हसू नका. फणस पिकले की टोळी छपरावर उतरते, कौलं फुटतात, आणि कंटाळून माणूस अख्ख्या घरावर पत्रे चढवतो.

हे झालं छपराखालचं. त्याहून अवघड असतात कागद. घर आपलं, जमीन भाटकाराची म्हणजे जमीनदाराची, अशी मुंडकारांची घरं गावात बरीच. मुंडकार संरक्षण कायदा १९७५ चा आहे, आणि जोत्याचं क्षेत्र न वाढवता घराची डागडुजी करायचा हक्क त्यात मुंडकाराला आहे. पण बायका अजून दबक्या आवाजात विचारतात, कौलं बदलली तर भाटकार काही करील का? ज्यांचं घर स्वतःचं, त्यांचा प्रश्न वेगळा. गोव्यात वारशाची परंपरा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली. मुलगा-मुलगी सारखेच वारस, आणि नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, म्हणजे जावई आणि सुनाही त्यात आल्या. तीन पिढ्या वाटणी झाली नाही की जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नावांची माळ लागते. चार कौलं बदलायला कुणी विचारत नाही, पण भिंत उतरवून पुन्हा बांधायची म्हटलं की पंचायतीत हिस्सेदारांची ना हरकत मागतात, आणि हिस्सेदार मुंबईला, पुण्याला, बेळगावला, एखादा लंडनला.

२०२५ साली सरकारने घरं कायदेशीर करून देणारी 'माझे घर' योजना आणली तेव्हा समितीतल्या एका सभासदांना वाटलं, चला, आता टेबलाची गरज कमी होईल. झालं उलटं. नवी योजना आली की आपण तिच्यात बसतो का, अर्ज कुठला, सोबत काय जोडायचं, हे विचारायला माणूस लागतोच.

आजींचं स्वयंपाकघर

दुसऱ्या वर्षीच्या जुलैत एक आजी आल्या. त्यांना सल्ला नकोच होता. कुठल्या बँकेत कर्ज लवकर मिळतं, एवढंच विचारायचं होतं. स्वयंपाकघराची मागची भिंत ओलीने फुगली होती आणि ठेकेदाराने सांगितलं होतं की छप्पर उतरवून स्लॅब घातल्याशिवाय इलाज नाही. बाई म्हणाल्या, "आजी, कर्जाचं मग बघू. उद्या मी येऊन भिंत तरी बघते."

मीही गेलो, त्यांच्याकडे गाडी नव्हती म्हणून. बाईंनी आधी काहीच विचारलं नाही. बोटाच्या पेराने भिंत वाजवत गेल्या. खांद्याच्या वर टणटण आवाज, कमरेखाली ढबढब. पाच-सहा वर्षांपूर्वी मारलेला सिमेंटचा पट्टा भिंतीपासून सुटून नुसता रंगाच्या आधाराने उभा होता. खिशातला स्क्रूड्रायव्हर कडेला घालून जरा उचकटला तर भाकरीचा पापुद्रा निघावा तसा हातभर तुकडा खाली आला. मागे चिरा गडद, ओला, आणि सांध्यातली माती बोटाला लागत होती. आजी म्हणाल्या, "अगो बाय, भिंत मोडली गो तू."

बाहेर परसात गेलो. मुलाच्या स्कूटरसाठी तिथे सिमेंटचे ठोकळे बसवले होते, तेही जोत्याला भिडवून, उतार भिंतीकडे. पागोळी ठोकळ्यांवर आपटून उलटी भिंतीवर उडत होती. पूर्वी तिथे माती होती, पाणी तिच्यात जिरायचं. वर पन्हळीत माडाचं चुडत अडकून पाणी एकाच जागी ओतत होतं. छपरात मोजून नऊ कौलं फुटलेली. वाशांपैकी एकाच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला, वाळवी. बाकीचे वासे किंदळाचे, त्यांना नुसता ओरखडा पडला.

बाईंनी तिथेच वहीच्या पानावर लिहून दिलं. सिमेंटचा पट्टा काढा आणि भिंत दिवाळीनंतरपर्यंत उघडी वाळू द्या. भिंतीलगतच्या ठोकळ्यांच्या दोन रांगा उचला, तिथे खडीची चर करा. एका वाशाचं टोक बदला, नऊ कौलं बदला, पन्हळ साफ करा. जानेवारीत चुन्याचा गिलावा. भिंतीचा खालचा एक कोपरा मात्र उतरवून पुन्हा बांधावा लागेल, त्याला परवाना घ्या.

चुना लावणार कोण, हा प्रश्न मग उभा राहिला. शेजारच्या गावात एक म्हातारे पेद्रेर, म्हणजे गवंडी, आहेत, सत्तरीच्या पुढचे, काम सोडलेले. त्यांना घेऊन आलो. त्यांनी आजींच्या भिंतीला नाक लावून वास घेतला (मी खोटं सांगत नाही) आणि म्हणाले, अजून नाही, अजून एक महिना. कळीचा चुना विझवून तो आठवडे भिजत ठेवायचा, गुळाचं पाणी कधी घालायचं, पहिला हात सुकण्याआधी दुसरा का द्यायचा नाही, हे ते सांगत आणि बाई मोबाइलवर टिपून घेत. शेवटी त्यांनी बाईंच्या हातात थापी दिली. पहिला हात बाईंनी लावला तो म्हाताऱ्याने पुसून टाकला. दुसराही.

परवान्याची हकिकत गिलाव्याहून मोठी. उताऱ्यावर अकरा नावं. आजींना वाटलं झालं, आता हे व्हायचं नाही. बाईंना कुणीतरी सांगितलं की चवथीला सगळे याच घरात येतात, मूळ घर ना हे. त्यांनी ना हरकतीचा एकच कागद तयार करून चवथीच्या दोन दिवस आधी आजींकडे दिला. आरती झाली, गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली पाट मांडले होते तिथेच कागद फिरला. दहा सह्या झाल्या. अकरावे जावई. सही केली की हिस्सा सोडला असं होईल, ही त्यांची भीती. त्यांनी कागद बाजूला सारला. आजींच्या नातवाने बाईंना फोन लावला. बाईंनी फोनवरच एक ओळ सांगितली : ही संमती फक्त दुरुस्तीपुरती आहे, कुणाच्याही हिश्श्यावर तिचा परिणाम होणार नाही. नातवाने ती हाताने खाली लिहिली. रात्री भजन संपल्यावर, पंचखाद्य हातात घेऊन, जावयांनी सही केली.

भिंत आज कोरडी आहे. आता माझी वही. खर्चाच्या बाजूला : सहा फेऱ्यांचं पेट्रोल, झेरॉक्स, बाईंचे दिवस. जमेच्या बाजूला : एक फणस, एक बरणी सोलं. आजींचं लाखांचं कर्ज टळलं ते आमच्या वहीत कुठेच नाही, कारण वाचलेल्या पैशाची पावती फाडता येत नाही. आणि ठेकेदाराचं काम गेलं ते मात्र त्याच्या वहीत नक्की असणार. गावात तो माझ्याशी वर्षभर बोलला नाही.

तिसऱ्या वर्षाचा मार्च

न्यासाच्या अहवालात एक रकाना होता, 'किती घरांचं नूतनीकरण झालं'. त्यांची चूक म्हणत नाही, पैसे देणाऱ्याला काहीतरी मोजावं लागतं. पण टेबलावरचा चांगला सल्ला पुष्कळदा 'तूर्त काही करू नका, वाळू द्या' असाच असतो. न पाडलेलं घर कुठल्या रकान्यात भरायचं? मी दोन वर्षं 'इतर' मध्ये भरलं. 'इतर' इतकं फुगलं की त्यांनी विचारणा केली.

मार्चमध्ये समिती बसली. खर्चातल्या दर दहा रुपयांतले सात पगाराचे, हे मी मांडलं. इथे एक गंमत सांगतो. पैसे नाहीत म्हटल्यावर मदतीला लोक कमी आले नाहीत. एकाने पंखा दिला, एकाने लोखंडी कपाट, एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ संगणक. पगाराला कुणी नाही. पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव रंगवता येतं, पगारावर कुठे रंगवणार?

पंचायतीकडे गेलो. सरपंच मनापासून चांगलं बोलले, खोलीचं वीजबिल भरायचं कबूल केलं, ते आजतागायत भरतात. पगारासाठी मात्र कुठल्या शीर्षाखाली तरतूद दाखवायची यावर सचिवांशी तीन बैठका झाल्या आणि तिथेच राहिलं.

बाईंनी बैठकीत बाहेरच्या गोष्टी सांगितल्या. युरोपीय संघाने २०२४ साली इमारतींच्या ऊर्जेविषयी जो निर्देश काढला, त्यात सदस्य देशांनी घरदुरुस्तीची एकखिडकी केंद्रं काढावीत असं म्हटलंय. ती किती असावीत याचा एक निकष आहे दर ८०,००० लोकांमागे एक. फ्रान्समध्ये तर २०२२ पासून 'फ्रान्स रेनोव्ह' या नावाने सरकारी सल्लासेवा आहे आणि सल्ला फुकट मिळतो. त्यांचं दुखणं थंडीचं आणि गरम करायच्या बिलाचं, आपलं ओलीचं, पण खुर्चीत बसणारा माणूस तिथेही पगारीच लागतो. मी तिथल्या तिथे भागाकार केला : २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख, म्हणजे अख्ख्या राज्याला अठरा टेबलं. कुणीतरी म्हणालं, "आधी हे एक राखूया."

दुसरं उदाहरण जवळचं. केरळात १९८० च्या दशकात कोल्लमला पहिलं निर्मिती केंद्र निघालं, स्वस्त आणि स्थानिक साहित्याने घरं कशी बांधायची हे शिकवायला. पुढे हुडको या केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने ती कल्पना देशभर नेली. आज शेजारच्या कर्नाटकात निर्मिती केंद्र म्हटलं की लोकांना सरकारी इमारतींची कंत्राटं घेणारी संस्था आठवते. केंद्रं टिकली ती बांधकामं घेऊन. एक सभासद म्हणाले, मग आपणही घेऊया की कामं. बाईंनी एकच विचारलं, "आजींना मी स्लॅब नको म्हटलं. काम आपल्याला मिळणार असतं तर म्हटलं असतं का?" उत्तर कुणी दिलं नाही. मला वाटतं त्या दिवशी ठरलं की आपण ठेका घ्यायचा नाही. इतिवृत्तात तसं काही नोंदवलेलं नाही.

जे फसलं

पहिला प्रयोग माझा, म्हणून फसल्याचं श्रेयही माझंच. टेबलावर बसायचे शंभर रुपये. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पाटी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "सल्ल्याक पयशे? कित्याक?" आणि बसथांब्यावर जाऊन उभे राहिले. रागावले नव्हते, त्यांना खरंच कळलं नव्हतं. डॉक्टरला देतो, वकिलाला देतो, पण शेजाऱ्याला 'कौल कुठलं घालू' विचारायचे पैसे कसले? ज्यांना शंभर रुपये जड नव्हते त्यांचे स्वतःचे इंजिनीअर होते. ज्यांना आमची गरज होती ते यायचे थांबले, मुंडकारांच्या घरातल्या बायका सगळ्यात आधी. महिन्याभरात पाटी काढली.

दुसरा प्रयोग अंगाशी आला. एका हार्डवेअर दुकानाने सांगितलं, तुमच्याकडून माणूस पाठवा, टेबलाला टक्केवारी देऊ. टक्केवारी नको म्हणालो. त्याऐवजी आमची चिठ्ठी घेऊन जाणाऱ्याला सवलत द्या, असं सुचवलं आणि स्वतःच्या प्रामाणिकपणावर खूश झालो. दोन महिन्यांत गावभर झालं की टेबलवाले दुकानाचे दलाल. एका बाईने तोंडावर सांगितलं, "तुम्ही चुना सांगता, आणि चुना त्याच दुकानात मिळतो." खरं होतं, आसपास दुसरीकडे चांगला चुना मिळतही नव्हता. चिठ्ठ्या बंद केल्या, पण गेलेला विश्वास परत यायला एक अख्खा पावसाळा लागला. तेव्हापासून कागदावर दुकानाचं नाव लिहायचं नाही, वस्तूचं लिहायचं, असा दंडक आहे.

जे निम्मं जमलं

मार्ग सुचला तो बसथांब्यावरच. कौलं परतायला माणूस मिळत नाही ही सार्वत्रिक तक्रार. पूर्वी एप्रिल-मेमध्ये घरोघरी शाकारणी व्हायची. एखादा मेस्त (सुतार) गडी घेऊन यायचा, छप्पर चाळायचा, फुटकी कौलं बदलायचा. ते मेस्त म्हातारे झाले, मुलं नोकरीला लागली. सल्ल्याचे पैसे लोक देत नाहीत, पण छपरावर चढणाऱ्याचे देतात.

म्हणून वार्षिक पाहणी सुरू केली. पावसाआधी बाई आणि एक मेस्त येणार, छप्पर, पन्हळ, वाशांची टोकं, भिंतीचा तळ बघणार, पाच-दहा कौलं बदलायची असतील तर तिथेच बदलणार आणि एका पानावर लिहून देणार : यंदा काय करायलाच हवं, काय दोन वर्षं थांबलं तरी चालेल. वर्षाची वर्गणी घराच्या आकाराप्रमाणे. टेबलावरचा सल्ला पूर्वीसारखाच फुकट. सौर पॅनेल बसवू पाहणारेही यात आले. 'पीएम सूर्य घर' योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, विक्रेते दारात येतात, पण कौलांखालचे वासे तो भार पेलतील का हे विकणारा कशाला सांगेल?

पहिल्याच मोसमात मेस्तांचा पाय कुजलेल्या रिपेवरून सटकला. खाली माळा होता म्हणून मुरगळण्यावर निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. कंबरपट्टा, दोर, चांगली शिडी आणि दोघांचा अपघात विमा हे सगळं तोवर मी 'पुढच्या वर्षी' मध्ये ढकललं होतं. दुसऱ्या दिवशी घेतलं, आणि त्या वर्षीची पाहणीची जवळजवळ सगळी शिल्लक त्यात गेली.

मग बंद घरं. गावात कुलूप असलेली घरं आहेत, मालक बाहेरगावी, चवथीला चार दिवस येतात. त्यांच्याकडून जास्त वर्गणी, बदल्यात वर्षाला दोन पाहण्या आणि फोटो. यावर समितीत चांगलंच वाजलं. एक जण म्हणाले, "बाहेरच्यांच्या कुलपांची राखण करायला हे केंद्र काढलं का?" बोलण्यात तथ्य होतं. आजही मला ते पूर्ण पटत नाही. मे महिन्यात बाईंचे जे दिवस बंद घरांत जातात ते राहत्या घरांना मिळत नाहीत, आणि पाऊस कुणासाठी थांबत नाही. पण त्या वर्गणीतूनच मुंडकारांच्या घरांची पाहणी फुकट होते. कुलपाचे पैसे कुणासाठी वापरतो हे आम्ही पावतीवर छापलंय. एका मुंबईकराने ते वाचून दुप्पट दिले, एकाने पुढच्या वर्षी वर्गणी बंद केली.

तिसरा हात शेजारच्या दोन गावांचा. एका गावात देवस्थान समितीने सोमवार घेतला, दुसऱ्यात सहकारी सोसायटीने शुक्रवार. दोघे आपापल्या दिवसाचा पगार देतात. सोमवारी आमच्याकडे कुणी येत नव्हतं, तिकडे येतात. तिकडचा बसचा वार वेगळा असणार.

असे तीन दिवस भरले. उरलेल्या दिवसांत बाई स्वतःची नकाशांची कामं करतात, आणि त्यातून भांडण झालंच. टेबलाशी आलेल्या माणसाचं काम त्यांनी घ्यावं का? समिती म्हणाली, मुळीच नाही. बाई म्हणाल्या, "एका बिल्डरकडून मला दुप्पट पगाराचं बोलावणं आहे. मी इथे आहे ते मला आवडतं म्हणून. पण आवडीवर घरभाडं भागत नाही, काका." शेवटी असं ठरलं : नकाशा काढण्याची फी घ्यावी, बांधकामाचा ठेका घेऊ नये, आणि कुणाकडून किती घेतले ते टेबलावरच्या उघड्या वहीत लिहावं. ती वही बसची वाट बघणारी माणसं वाचनालयातल्या वर्तमानपत्रांपेक्षा मन लावून वाचतात.

यंदाचा ताळा असा : पाहणीच्या वर्गणीतून पगाराचा निम्म्याहून थोडा कमी भाग, शेजारच्या दोन गावांकडून जवळजवळ तेवढाच, आणि पुढच्या मार्चपर्यंत दोन महिन्यांची भोकं अजून उघडी. चवथीच्या आधी ना हरकतीच्या कागदाचा गठ्ठा आता छापूनच ठेवतो, जावयांसाठीची ओळ त्यात आधीच आहे.

म्हातारे पेद्रेर अधूनमधून बुधवारी येऊन बसतात. मानधन घेत नाहीत, बसभाडं घेतात. वर्षअखेरीला लेखापरीक्षकांनी प्रवासखर्चाच्या नोंदीवर बोट ठेवून विचारलं, या गृहस्थांचा हुद्दा काय? मी विचार न करता लिहून दिलं, 'चुना लावणारे'. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, खजिनदार, वाचनालयाच्या हिशोबात हे शब्द नकोत. मग 'गिलावा मार्गदर्शक' केलं. पेद्रेरांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "तें कितें?"